ताटातूट इलेक्ट्रॉनची आणि होलची : प्रकाशउत्प्रेरकातून हायड्रोजन काढू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

नोव्हेंबर लागला की सांगली-इस्लामपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही तर त्यातली साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि उतारा घसरतो. शेतात साखर कमी पिकलेली नसते, ती वाटेत हरवते. प्रकाशउत्प्रेरकावर (प्रकाश शोषून पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या पावडरीवर) पहिल्यांदा काम करायला येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलामुलींना मी दरवर्षी याच रांगेपासून सुरुवात करून देते. इथल्या बहुतेकांच्या घरी ऊस आहे, त्यामुळे तोड आणि गाळप यांच्यामधला वेळ म्हणजे काय हे त्यांना वेगळे समजवावे लागत नाही.

आपल्या पावडरीवर प्रकाश पडतो तेव्हा 'तोड' होते: इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) सुटे होतात. हायड्रोजन होतो ते 'गाळप'. या दोहोंच्या मधे इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकमेकांना भेटले की सगळी कमाई उष्णतेत जाते. या भेटीला आपण रिकॉम्बिनेशन म्हणतो, आणि ती टाळण्याच्या खटाटोपाला प्रभार-विलगीकरण. नवख्याने हे काम कोणत्या क्रमाने हाती घ्यावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी वेळेचा हिशोब

अर्धवाहकाच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशाचा कण) पडला की व्हॅलन्स बँडमधला, म्हणजे खालच्या ऊर्जापट्ट्यातला, इलेक्ट्रॉन वरच्या कंडक्शन बँडमध्ये जातो. मागे उरलेल्या रिकाम्या जागेला पुस्तकात विवर म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे होलच म्हणतात. इलेक्ट्रॉनने पृष्ठभागावर पोचून प्रोटॉनांचा हायड्रोजन करायचा, होलने पाण्यातून ऑक्सिजन काढायचा. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ऑक्सिजनच्या एका रेणूला चार होल. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, म्हणून बँड गॅप, म्हणजे या दोन बँडमधले ऊर्जेचे अंतर, त्याहून बराच मोठा असावा लागतो.

प्रकाश शोषला जातो तो फेमटोसेकंदांत (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग). इलेक्ट्रॉन आणि होल यांची पुन्हा भेट नॅनोसेकंदांत (सेकंदाचा अब्जावा भाग) सुरू होते आणि मायक्रोसेकंदांपर्यंत बहुतेकांचा निकाल लागलेला असतो. पृष्ठभागावरची रसायनक्रिया मात्र संथ: हायड्रोजनकडची मायक्रोसेकंदांपासून पुढे, आणि होलने पाण्याचे ऑक्सिडेशन करणे तर मिलिसेकंदांपासून सेकंदाच्या हिश्श्यापर्यंत. म्हणजे जी जोडी नॅनोसेकंदांत मोडते, तिला दहा लाख पट अधिक वेळ वेगळे ठेवायचे आहे. या आकड्याकडे नीट पाहा. पुढची प्रत्येक पायरी हे अंतर कापण्यासाठी आहे.

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी प्रकाशाने पाणी फोडून दाखवले, तेव्हा टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड एकीकडे होता, प्लॅटिनमचा दुसरीकडे, आणि मधे तार होती. ताटातूट तारेने केली होती. पावडरीत तार नसते. काही नॅनोमीटरच्या एकाच कणावर दोन्ही कामे व्हायची असतात आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना सतत ओढत असतात. तरीही हे साध्य होते. २०२० मध्ये जपानमधल्या डोमेन यांच्या गटाने ॲल्युमिनियम घातलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या फोटॉनांपैकी कामी आलेल्यांचा वाटा) दाखवली. त्या तरंगलांबीपुरती गळती जवळजवळ बंद झाली होती. तो पदार्थ फक्त अतिनील किरणे शोषतो, आणि सूर्यप्रकाशात ती थोडीच असतात, म्हणून प्रत्यक्ष उन्हातली कार्यक्षमता एक टक्क्याच्या आतच राहिली. पण विलगीकरण होऊ शकते की नाही, हा प्रश्न तिथे संपला.

पायरी १: एकच साधा पदार्थ निवडा, आणि तो भरपूर करून ठेवा

नवख्याने ग्राफिटिक कार्बन नायट्राइड घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. २००९ पासून त्यावर जगभर काम चालू आहे. बँड गॅप सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे तो ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाश घेतो. त्यात महाग धातू नाही, विषारी काही नाही, आणि साध्या मफल फर्नेसमध्ये तो तयार होतो.

झाकणाच्या ॲल्युमिना क्रुसिबलमध्ये २० ग्रॅम युरिया घ्या. मिनिटाला ५ अंश या वेगाने ५५० अंश सेल्सिअसपर्यंत न्या, तिथे २ तास ठेवा, मग आपोआप थंड होऊ द्या. हातात येईल जेमतेम ग्रॅमभर फिकट पिवळी, हलकी पावडर. अमोनिया जोरात बाहेर पडतो, त्यामुळे फर्नेसला धुराड्याची सोय हवीच. मेलामाइनपासून केले तर माल जास्त मिळतो, पण तो घट्ट असतो आणि पृष्ठफळ कमी भरते.

घरच्या गोठ्यातली युरियाची गोणी मात्र आणू नका. भारतात शेतीच्या युरियाला कडुनिंबाचे तेल लावलेले असते, त्यामुळे कार्बनची भेसळ होते. शिवाय तो अनुदानाचा माल शेतीखेरीज वापरणे कायद्याला धरून नाही. रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या प्रतीचा युरिया घ्या, तो काही महाग नाही.

पाच-सहा वेळा हाच पाक करून सगळी पावडर एकत्र खलून एका बाटलीत भरा. पुढचे सहा महिने हीच बाटली वापरायची. फर्नेस तापत असताना वीज गेली आणि परत आली, तर ती खेप या बाटलीत मिसळू नका. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये २७.४ अंशांवर मोठे आणि १३ अंशांच्या आसपास छोटे शिखर दिसले की पदार्थ बरोबर आहे. सांगलीकरांना यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उपकरण केंद्र जवळ पडते. नमुने साठवून एकदम न्या म्हणजे फेरी वाचते.

कॅडमियम सल्फाइडचा मोह होतो, कारण ते २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचे आहे आणि पहिल्या तासात हायड्रोजनही भराभर देते. पण तिथे होल पाण्याऐवजी सल्फाइडलाच खातो आणि पदार्थ झिजत जातो. वर कॅडमियम विषारी. पहिल्या प्रकल्पाला ते नको.

आणखी एक विचारणा दरवर्षी होते: आपल्या सांगलीची हळद वापरता येईल का? टायटॅनियम डायऑक्साइडला कर्क्युमिनचा रंग चढवला तर निळा प्रकाश शोषला जातो, हे खरे. पण कर्क्युमिन उजेडात फिकट होते आणि अल्कधर्मी द्रावणात तर लवकरच मोडते. शोषण वाढवणे आणि प्रभार वेगळे ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला तो प्रयोग चांगला. हायड्रोजनसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

पायरी २: सुधारणेआधी मोजणी बसवा

इथे घाई केली की पुढचे सगळे ढासळते, म्हणून या पायरीवर मी सर्वात जास्त वेळ घालवायला लावते.

५० मिलिग्रॅम पावडर, ९० मिलिलिटर शुद्ध पाणी, १० मिलिलिटर ट्रायइथॅनॉलअमाइन. पाणी डिआयोनाइज्डच घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार कणांचे गोळे करतात. ट्रायइथॅनॉलअमाइन होल शोषून घेते. अशा पदार्थाला बळी अभिकारक म्हणतात, कारण तो स्वतः खर्च होतो. भांडे बंद करून अर्धा तास आर्गॉन सोडा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. ३०० वॅटचा झेनॉन लॅम्प, पुढे ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर, आणि भांड्याभोवती थंड पाण्याचे आवरण. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत टाकीचे पाणीच इतके तापलेले असते की चिलर नसेल तर बर्फाची बादली लागते. तापमान २५ अंशांना धरा आणि दर अर्ध्या तासाने लिहून ठेवा.

गॅस क्रोमॅटोग्राफला ५ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सिव्हचा कॉलम आणि औष्णिक वाहकतेचा डिटेक्टर हवा. वाहक वायू आर्गॉन ठेवा. हेलियम नको, कारण त्याची उष्णता-वाहकता हायड्रोजनच्या जवळची असते आणि शिखर दबून जाते. आर्गॉन वापरल्याने दुसराही फायदा होतो: नायट्रोजनचे शिखर दिसू लागले तर सेप्टममधून (सुई टोचायच्या रबरी बुचातून) हवा आत येते आहे हे लगेच कळते. चारपाच वेळा सुई टोचली की सेप्टम बदला.

आता दोन कोरे प्रयोग. सगळे घालून लॅम्प बंद. मग पावडर न घालता लॅम्प चालू. दोन्हींत हायड्रोजन शून्य आला पाहिजे. तो येईपर्यंत पुढे जायचे नाही, मग आठवडा लागो.

हिशोब असा करा. भांड्यात द्रवाच्या वरच्या जागेतल्या वायूत ०.१ मिलिलिटर हायड्रोजन जमला, तर २५ अंशांना आणि एका वातावरणाच्या दाबाला तो सुमारे ४.१ मायक्रोमोल भरतो. दर काढताना 'प्रति ग्रॅम' लिहिण्याची प्रथा आहे, पण ती जपून वापरा. पावडर दुप्पट केली म्हणून हायड्रोजन दुप्पट होत नाही, कारण एका मर्यादेनंतर सगळा प्रकाश शोषला गेलेलाच असतो. १०, २५, ५० आणि १०० मिलिग्रॅम घेऊन एकदा पाहा. १० मिलिग्रॅमवरचा आकडा शंभराने गुणून मोठा दर छापणारे निबंध वाचताना हे लक्षात राहील.

याहून प्रामाणिक माप म्हणजे क्वांटम कार्यक्षमता. समजा ४२० नॅनोमीटरचा प्रकाश भांड्यावर १० मिलिवॅट इतका पडतो. तासाभरात ३६ ज्यूल. एका फोटॉनची ऊर्जा ४.७३ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात ज्यूल, म्हणजे तासाला साधारण १२६ मायक्रोमोल फोटॉन पडले. त्यात २ मायक्रोमोल हायड्रोजन आला, तर त्याला ४ मायक्रोमोल इलेक्ट्रॉन लागले. चार भागिले १२६, सुमारे ३.२ टक्के. म्हणजे पडलेल्या शंभर फोटॉनांतले जवळजवळ ९७ वाया गेले. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आमचे तीन महिने एकदा लॅम्पपायी वाया गेले. नवा नमुना जुन्यापेक्षा कमी हायड्रोजन देतो असे दिसत होते, कारणे शोधून दोघी विद्यार्थिनी थकल्या. शेवटी प्रकाशमापक लावला तेव्हा कळले की झेनॉनचा बल्बच क्षीण झाला होता. पदार्थ चांगला होता. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी प्रकाशाची तीव्रता मोजायची आणि आठवड्यातून एकदा मूळ बाटलीतला नमुना पुन्हा चालवायचा, हा आमचा नेम आहे. तुम्हीही पाळा.

पायरी ३: गळती कुठे आहे ते शोधा

बहुतेक नवखे इथेच उडी मारतात: दुसरा कुठला तरी पदार्थ मिसळतात आणि हायड्रोजन वाढला तर 'विलगीकरण सुधारले' असे लिहितात. आधी निदान करा. तीन साधे प्रयोग पुरतात.

पावडर नुसत्या पाण्यात, मग पाणी आणि ट्रायइथॅनॉलअमाइन, मग त्यात एक टक्का प्लॅटिनम. बळी अभिकारक घातल्यावर हायड्रोजन एकदम वाढला, तर अडकलेला होल होता. प्लॅटिनम घातल्यावर वाढला, तर इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत येत होते पण त्यांना काम मिळत नव्हते. दोन्ही देऊनही हायड्रोजन तुटपुंजा राहिला आणि प्रकाश तर नीट शोषला जातो आहे, तर मग जोड्या कणाच्या पोटातच मोडत आहेत. या तीन दुखण्यांची औषधे वेगवेगळी आहेत.

कार्बन नायट्राइडमध्ये बहुधा दिसेल ते असे: नुसत्या पाण्यात जवळजवळ काही नाही, बळी अभिकारकासह थोडेसे, प्लॅटिनमसह कितीतरी पट.

पायरी ४: इलेक्ट्रॉनला गव्हाण द्या

सहउत्प्रेरक म्हणजे ती गव्हाण. प्लॅटिनमचे बारीक ठिपके पृष्ठभागावर बसवले की इलेक्ट्रॉन त्यांच्यात उतरतात आणि तिथे प्रोटॉन चटकन हायड्रोजन होतात. धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्यावर शॉटकी अडसर तयार होतो, तो गेलेल्या इलेक्ट्रॉनला सहज परत येऊ देत नाही.

बसवण्याची सोपी रीत फोटोडिपॉझिशन. हेक्साक्लोरोप्लॅटिनिक ॲसिडच्या सहा पाण्याच्या स्फटिकात वजनाने सुमारे ३७.७ टक्के प्लॅटिनम असते. ५० मिलिग्रॅम पावडरीवर १ टक्का हवे तर ०.५ मिलिग्रॅम प्लॅटिनम, म्हणजे १.३३ मिलिग्रॅम स्फटिक. एवढे वजन करता येणार नाही, म्हणून आधी द्रावण करून ठेवा आणि मायक्रोपिपेटने घाला. लॅम्प लावला की प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉनच प्लॅटिनमच्या आयनांना धातू करतात. पावडर पिवळ्यावरून करडी होते. या रीतीचा मला सर्वात आवडणारा गुण असा की प्लॅटिनम आपोआप तिथेच बसते जिथे इलेक्ट्रॉन पोचतात. पुढे सूक्ष्मदर्शकात ठिपके कुठे दिसतात ते पाहिले की इलेक्ट्रॉनांची वाट कळते.

०, ०.२५, ०.५, १, २ आणि ३ टक्के अशी मालिका घ्या. आलेख चढेल आणि मग उतरेल. जास्त प्लॅटिनम प्रकाश अडवते, ठिपके एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि मोठा ठिपका इलेक्ट्रॉन-होल दोघांचे भेटीचे ठिकाण बनतो. उतरणारा भाग दिसेपर्यंत थांबू नका, नाहीतर सर्वोत्तम प्रमाण कुठले हे सांगता येणार नाही. पैसे कमी असतील तर निकेल हायड्रॉक्साइड, निकेल सल्फाइड किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या. आकडे खाली येतील, पण तुलना तितकीच खरी राहील.

पायरी ५: होलचा विचार

हायड्रोजन हवा म्हणून सगळे इलेक्ट्रॉनमागे धावतात. पण दोघांत मंद असतो तो होल. तो जागेवर बसून राहिला तर इलेक्ट्रॉन कुठेही गेला तरी त्याच्याकडेच ओढला जाणार. इलेक्ट्रॉनसाठी कितीही मोठी गव्हाण बांधा, होल उचलला नाही तर उतारा वाढत नाही. माझ्या मते या विषयात नवख्यांच्या हातून सर्वात जास्त निसटते ते हेच.

ट्रायइथॅनॉलअमाइन, मिथेनॉल, लॅक्टिक ॲसिड हे होलला तात्पुरते गिळतात. निदानासाठी ते उत्तम. मात्र त्यांच्यासह आलेल्या हायड्रोजनला 'पाण्याचे विघटन' म्हणू नका. 'बळी अभिकारकासह हायड्रोजननिर्मिती' असेच लिहा. खरे विघटन म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात, नुसत्या पाण्यातून, तासन् तास.

तिकडे जायचे असेल तर होललाही गव्हाण द्यावी लागते. कोबाल्टची ऑक्साइडे यासाठी वापरतात. वर सांगितलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमध्ये नेमके हेच केले होते: स्फटिकाच्या ज्या बाजूंना इलेक्ट्रॉन जातात तिथे ऱ्होडियम, त्यावर क्रोमियम ऑक्साइडचे पातळ कवच, आणि ज्या बाजूंना होल जातात तिथे कोबाल्ट ऑक्सिहायड्रॉक्साइड. कवच कशाला? तर तयार झालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन धातूवर पुन्हा एकत्र येऊन पाणी होऊ नये म्हणून. होलकडची प्रक्रिया चालते का हे वेगळे तपासायचे असल्यास सिल्व्हर नायट्रेट घाला. ते इलेक्ट्रॉन गिळते आणि मग ऑक्सिजन निघतो का ते पाहता येते.

पायरी ६: कणाचे पोट

जोड्या पोटातच मोडत असतील तर दोन उपाय: वाट छोटी करा किंवा वाटेतले खड्डे कमी करा.

होल किती लांब जाऊ शकतो हे पदार्थावर असते. हेमॅटाइटमध्ये, म्हणजे गंजाच्या लोह ऑक्साइडमध्ये, ते अंतर अवघे २ ते ४ नॅनोमीटर आहे. तिथे ५० नॅनोमीटरच्या कणाच्या मध्यावर सुटलेला होल पृष्ठभाग पाहतच नाही. कार्बन नायट्राइडसाठी घरगुती म्हणावी अशी युक्ती आहे: तयार पावडर उघड्या पसरट भांड्यात पातळ थर देऊन ५०० अंशांना पुन्हा दोन तास तापवा. थर सुटून पातळ पापुद्रे होतात, रंग फिकटतो, वजन बरेच घटते, आणि प्रभारांना पृष्ठभाग जवळ येतो. पापुद्र्यांचे पृष्ठफळही वाढते, तेव्हा वाढलेला हायड्रोजन नेमका कशामुळे, हे सांगायला पृष्ठफळाचे मापही घ्या.

खड्डे म्हणजे स्फटिकातले दोष. इथे ताणाताणी आहे. जास्त तापवले की स्फटिक नीट होतो, दोष घटतात, पण कण मोठा होतो आणि वाट लांबते. परके अणू घालण्याचेही तसेच. थोडे घातले तर वाहकता वाढते, जास्त घातले तर तेच अणू इलेक्ट्रॉन-होलच्या भेटीचे अड्डे होतात. रंग गडद झाला म्हणजे काम सुधारले असे मुळीच नाही. गडद झालेली आणि हायड्रोजन घटलेली पावडर मी अनेकदा पाहिली आहे.

पायरी ७: दोन पदार्थांची जोडी

शेताला दारे धरताना आपण पाटाचा उतार पाहतो. उतार असेल तर पाणी आपसूक वाफ्यात जाते. दोन अर्धवाहक एकमेकांना घट्ट चिकटवले की सांध्यावर विद्युतक्षेत्र तयार होते, तो हा उतार.

पहिला प्रकार टाइप-दोन. एकाचे दोन्ही बँड दुसऱ्यापेक्षा वर असतात. इलेक्ट्रॉन खालच्या कंडक्शन बँडकडे, होल वरच्या व्हॅलन्स बँडकडे. ताटातूट झाली, पण दोघांचीही ताकद कमी झाली. अशी उतरलेली ताकद हायड्रोजनला पुरेल का, हे बँडच्या जागा मांडून आधी पाहा.

दुसरा प्रकार झेड-स्कीम, आणि त्याच्याच जवळची, २०१९ मध्ये चीनमधल्या जिआगुओ यू यांच्या गटाने मांडलेली एस-स्कीम. इथे सांध्यावर दुबळा इलेक्ट्रॉन आणि दुबळा होल एकमेकांना मुद्दाम भेटू दिले जातात, आणि ताकदवान जोडी दोन वेगळ्या पदार्थांवर शिल्लक राहते. निम्मे प्रभार खर्ची पडतात, पण उरलेले कामाचे असतात.

कोणता प्रकार चालू आहे हे ओळखायला कार्बन नायट्राइड आणि टंगस्टन ऑक्साइडची जोडी चांगली. टंगस्टन ऑक्साइडचा कंडक्शन बँड हायड्रोजनच्या पातळीच्या खाली आहे, म्हणजे तिथला इलेक्ट्रॉन हायड्रोजन करूच शकत नाही. टाइप-दोन असता तर सगळे इलेक्ट्रॉन तिकडे उतरून हायड्रोजन घटला असता. तो वाढत असेल तर वाट झेड किंवा एस प्रकारची असण्याचा पुरावा बळकट होतो. चित्र आवडले म्हणून योजना निवडायची नसते, ती अशा तर्काने सिद्ध करायची असते.

जोडी करताना सांधा घट्ट हवा. दोन पावडरी एकत्र ढवळून नीट सांधा होत नाही. एक पदार्थ दुसऱ्याच्या अंगावर वाढवा, किंवा किमान एकत्र खलून ४०० अंशांच्या आसपास तापवा. आणि नुसते मिसळलेले मिश्रण हा तुलनेचा नमुना नेहमी सोबत चालवा. मिश्रण आणि जोडी सारखाच हायड्रोजन देत असतील तर सांध्याने काही केलेले नाही.

पायरी ८: पुरावा

फोटोल्युमिनेसन्सचे (प्रकाश शोषून पदार्थाने परत सोडलेल्या प्रकाशाचे) शिखर बुटके झाले की मुले आनंदाने 'रिकॉम्बिनेशन घटले' असे लिहितात. ते खरे असू शकते. पण प्रकाश न देता, नुसती उष्णता देऊनही जोड्या मोडतात, आणि तेव्हाही शिखर बुटकेच दिसते. म्हणून आयुर्मान मोजणारे फोटोल्युमिनेसन्स, प्रकाश चालू-बंद करून घेतलेला विद्युतप्रवाह आणि इम्पीडन्सचे (विद्युतप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे) अर्धवर्तुळ यांपैकी दोन तरी एका दिशेला बोट दाखवतात का ते पाहा. प्रवाह मोजताना काचेवरच्या थराची जाडी सारखी ठेवा, नाहीतर पदार्थाऐवजी थराचीच तुलना होते.

शेवटचा शब्द हायड्रोजनचाच. प्रत्येक नमुना तीनदा, वेगळ्या दिवशी. मग सर्वोत्तम नमुना चार तासांच्या चार फेऱ्यांत, दर फेरीआधी नव्याने आर्गॉन सोडून. दुसऱ्या फेरीत उत्पादन घसरले तर आधी बळी अभिकारक संपला का ते पाहा, तो घालूनही वाढले नाही तर पदार्थ बदलला आहे. वापरलेल्या पावडरीचे एक्स-रे पुन्हा काढा.

सुरक्षेचे नियम भिंतीवर लावा. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो, म्हणून भांड्यातला वायू खिडकीशी, ज्योतीपासून दूर सोडायचा. झेनॉन लॅम्पजवळ काम करताना अतिनील किरणे अडवणारा चष्मा. मिथेनॉलला हातमोजे.

प्रयोग संपल्यावर द्रावण सिंकमध्ये ओतू नका. सेंट्रिफ्यूज करून पावडर वेगळी करा, प्लॅटिनमची पावडर धुऊन वाळवून जपून ठेवा. वरचे द्रव झाकणाच्या कॅनमध्ये, तारीख आणि त्यात काय काय आहे हे लिहून. कोणी कॅडमियम किंवा निकेल वापरले असेल तर त्याचा कॅन वेगळा आणि त्यावर लाल पट्टी. आपल्या गटारांचे पाणी शेवटी कृष्णेला मिळते आणि तेच पाणी शहर पिते. कॅन भरला की विभागाच्या घातक कचऱ्याच्या नोंदवहीत त्याची ओळ लिहा, मग लॅम्पचा पंखा बंद करा. बल्ब विझल्यावरही तो पंखा दहा मिनिटे चालू असावा लागतो.